खेळातली ती

इतिहास शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली. जुन्या नाण्याचे चित्र समोर आले की मुलांना मी आधी तीन प्रश्न विचारायला लावत असे. हे कोणी पाडले? कोणासाठी पाडले? आणि यावर जे नाही, ते का नाही? सनावळ्या त्यानंतर. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण ही खोड काही सुटली नाही. गेली काही वर्षे हेच प्रश्न मी एका निराळ्याच गोष्टीला विचारते आहे. ती गोष्ट म्हणजे व्हिडिओ गेममधली बाई.

हसू नका. सिनेमातली नायिका कितीही नटवली तरी आत एक जिवंत बाई असते. उंची, आवाज, चालण्याची ढब तिची स्वतःची असते. गेममधल्या बाईचे तसे नाही. तिच्या केसांपासून चपलेपर्यंत सगळे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेले असते. आपोआप आलेले काहीच नाही. त्यामुळे पुरावा म्हणून ती फार उपयोगाची आहे. बायका कशा असतात हे तिच्यावरून कळत नाही, पण तिला घडवणारे कोण होते आणि त्यांनी गिऱ्हाईक कोण धरले होते, हे मात्र पुष्कळ कळते.

सुरुवात १९८१ पासून करू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीसाठी शिगेरू मियामोतो यांनी 'डाँकी काँग' हा खेळ बनवला. एक भलामोठा माकड एका बाईला पळवून लोखंडी तुळयांच्या वरच्या टोकाला नेतो आणि एक बुटका माणूस उड्या मारत तिला सोडवायला जातो. तोच पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. त्या काळी पडद्यावर माणूस काढायला मोजकेच ठिपके मिळत. केस काढणे अवघड म्हणून मारिओला टोपी आली, तोंड काढणे अवघड म्हणून मिशा आल्या. म्हणजे पुरुषाचे रूप अडचणीतून घडले. बाईच्या वाट्याला लांब केस, झगा आणि 'हेल्प' अशी हाक आली. खेळात वाटेत तिची छत्री, पर्स आणि टोपी पडलेली असते. ती गोळा केली की जादा गुण! बाई वर उभी, आणि तिच्या वस्तूंवर गुण मिळवणारा खाली. तिला सुरुवातीला नावही नव्हते, नुसते 'लेडी'. पॉलीन हे नाव नंतर अमेरिकेत मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेत 'मिस पॅक-मॅन' आली. मूळ 'पॅक-मॅन' १९८० चा, जपानचा. तो बनवणाऱ्या तोरू इवातानी यांचा हेतू चांगला होता. खेळघरांत सगळे गोळीबाराचे खेळ आणि पुरुषांची गर्दी, म्हणून बायकांनाही यावेसे वाटेल असा खाण्याचा खेळ त्यांनी योजला. त्यातला पिवळा गोळा ना बाई ना पुरुष, नुसते एक तोंड. अमेरिकेतल्या काही तरुणांनी त्यावर सुधारलेला खेळ तयार केला. एकाऐवजी चार चक्रव्यूह, भुतांच्या चाली ओळखायला अवघड. मूळ खेळापेक्षा तो सरस होता असे जाणकार सांगतात. आणि त्या गोळ्याची बाई कशी झाली? डोक्यावर रिबिनीचा बो, ओठांना लिपस्टिक, गालावर तीळ! तेव्हापासून हे सूत्र पक्के झाले. साधा गोळा म्हणजे पुरुष आणि त्याला शृंगार चढवला की बाई. नावाचा घोळ तर मजेदार आहे. आधी कुमारिका या अर्थाचे 'मिस' ठरत होते, पण खेळात मध्येच करकोचा त्यांचे बाळ घेऊन येतो. लग्नाआधी बाळ कसे? म्हणून मग इंग्रजीतले 'मिझ' लावले, ज्यातून लग्नाचे काहीच कळत नाही. गोळ्याच्या अब्रूचीही काळजी!

१९८६ चा 'मेट्रॉइड' हा माझ्या मते सगळ्यांत विचार करायला लावणारा पुरावा. यात सॅमस नावाचा योद्धा नखशिखांत चिलखतात असतो. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही त्याचा उल्लेख पुरुष म्हणूनच होता. खेळ ठरावीक वेळेत संपवला की शेवटी शिरस्त्राण उतरते आणि कळते की इतका वेळ आपण एका बाईच्या रूपात लढत होतो. किती सुंदर कल्पना! पण ती तिथे थांबली नाही. खेळ जितका लवकर संपवाल, तितके सॅमसच्या अंगावरचे कपडे कमी. सर्वांत चपळ खेळाडूला ती बिकिनीत दिसते. खेळभर पराक्रम तिने केला आणि बक्षीसही तीच झाली. देणाऱ्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले.

कोणी म्हणेल, तेव्हा खेळ बनवणारे सगळे पुरुषच होते, त्यांच्याकडून आणखी काय व्हायचे? तसेही नव्हते. रॉबर्टा विल्यम्स यांनी १९८० सालीच 'मिस्टरी हाऊस' रचला होता. 'सेंटिपीड'मागे डोना बेली होत्या, तर १९८२ चा 'रिव्हर रेड' कॅरल शॉ यांनी एकटीने लिहिला. बायका होत्या, पण थोड्या होत्या, आणि खेळाचे गिऱ्हाईक मुलगाच हे दुकानदारीने पुढे पक्के करून टाकले.

आता लाराकडे येऊ. इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या कोअर डिझाइन कंपनीने १९९६ साली 'टूम रेडर' काढला. टोबी गार्ड यांनी नायक आधी पुरुष योजला होता. तो इंडियाना जोन्ससारखा दिसू लागला, म्हणून त्याची बाई केली. पहिल्यांदा ती दक्षिण अमेरिकेतली लॉरा क्रूझ होती, नंतर इंग्रज लारा क्रॉफ्ट झाली. खेळात तिची आपली पहिली भेट चक्क कलकत्त्याच्या एका हॉटेलात होते. ही बाई कोणाच्या सुटकेची वाट पाहत नाही. गुहांत शिरते, कड्यांवर लटकते, कुलपांची कोडी सोडवते.

पण लारा दोन होत्या, हे लक्षात घ्यायला हवे. खेळताना लारा बहुतेक वेळ पाठमोरी दिसते. लहानशी आकृती, कुठे उडी मारायची याचा अंदाज घेणारी. जाहिरातीतली लारा समोरून दिसते. फुगवलेली छाती, मुठीत मावेल अशी कंबर, आखूड चड्डी. १९९७ साली ती 'द फेस' या इंग्रजी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. खऱ्या मॉडेल मुलींना तिचे कपडे घालून उभे करण्याची प्रथाच पडली. गार्ड यांना आपली लारा अशी विकलेली रुचली नाही आणि १९९७ मध्येच ते कंपनी सोडून गेले. खेळणाऱ्या कितीतरी मुलींना मात्र ती पाठमोरी लाराच आठवते. मला ही गोष्ट दिलासा देणारी वाटते. बनवणाऱ्याने काहीही ठरवले तरी खेळणारीने आपल्याला हवे ते उचलले.

माझी नात दहा वर्षांची असताना गेममध्ये नेहमी मुलगा निवडायची. का ग, असे विचारल्यावर म्हणाली, "आजी, मुलगी घेतली की लोक विचारतात, तू खरंच मुलगी आहेस का? मग त्रास देतात." हे तिने इतक्या सहज सांगितले की मला पुढे काही बोलवेना. चित्रातली बाई कशी काढली हा प्रश्न नुसता चित्राचा राहत नाही, हे मला तेव्हा नीट समजले.

पुढे ठिपक्यांची अडचण संपली. आता घामाचा थेंबसुद्धा दाखवता येतो. सबबी मात्र राहिल्या. २०१४ साली युबिसॉफ्ट कंपनीचा 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आला. विषय फ्रेंच राज्यक्रांती, आणि चौघांनी मिळून खेळायच्या भागात एकही बाई नाही. कारण काय, तर बाईच्या हालचाली वेगळ्या कराव्या लागतात, काम दुप्पट होते. त्याच कंपनीत पूर्वी काम केलेल्या एका ॲनिमेटरने लगेच सांगितले की हे एकदोन दिवसांचे काम आहे. मी तर राज्यक्रांती शिकवलेली बाई. ऑक्टोबर १७८९ मध्ये व्हर्सायवर चालून गेल्या त्या पॅरिसच्या बायका. १७९३ मध्ये माराला भोसकले ते शार्लोट कोर्देने. मारेकऱ्यांवरचा खेळ, तोही त्या काळावरचा, आणि मारेकरी बाई बनवायला वेळ नाही!

दुसरी सबब पैशाची. बाई नायिका केली तर खेळ खपत नाही म्हणे. पण लारा खपली होतीच. २०१७ चा 'होरायझन झीरो डॉन' पाहा. त्याची नायिका अलॉय, अंगभर कपडे घातलेली शिकारीण. २०२१ च्या अखेरपर्यंत त्याच्या दोन कोटींवर प्रती गेल्या.

याविषयी बोलण्याची किंमतही काहींनी मोजली. अनिता सरकीसियन यांनी २०१२ साली खेळांतल्या स्त्रीचित्रणावर व्हिडिओमाला करण्यासाठी लोकांकडे सहा हजार डॉलर मागितले. दीड लाखावर जमले, आणि सोबत शिव्या व धमक्याही. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका विद्यापीठात त्यांचे व्याख्यान होते. गोळीबार करू अशी धमकी आली. तिथल्या कायद्याने सभागृहात बंदुका आणायला बंदी घालता येत नव्हती, म्हणून त्यांनी ते रद्द केले. नाचणाऱ्या ठिपक्यांवर टीका केली म्हणून एवढे! ज्या गोष्टीला 'नुसता खेळ' म्हणतात, ती नुसता खेळ नाही याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

आता आपल्या पुण्याकडे येते. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातल्या छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. मधल्या गोष्टी कळसूत्री सावल्यांच्या खेळासारख्या सांगितल्या आहेत, चित्रांवर पहाडी शैलीची छाप आहे. १९८१ ची गोष्ट इथे बरोब्बर उलटी झाली. पळवला गेला तो मुलगा आणि उड्या मारत निघाली ती मुलगी. तिला पाहताना तिचे कपडे माझ्या लक्षातही राहिले नाहीत, तिच्या कोलांट्या राहिल्या.

बदल होतोय, पण सावकाश. पॉलीन २०१७ च्या एका मारिओ खेळात शहराची महापौर झाली. 'लेजंड ऑफ झेल्डा' १९८६ चा. नाव राजकन्येचे, पण लढणारा लिंक नावाचा मुलगा. निन्टेन्डोच्या मुख्य मालिकेत झेल्डा स्वतः नायिका झाली ती २०२४ मध्ये, अडतीस वर्षांनी.

आणि अजून एक उणीव माझ्या वयामुळे मला जरा जास्तच दिसते. या सगळ्या बायका तरुण आहेत. म्हाताऱ्या असतात, पण उंबऱ्यात बसून नायकाला वाट सांगायला किंवा औषध द्यायला. 'ओव्हरवॉच' या खेळात २०१६ साली ॲना नावाची साठीची बंदूकधारी आली, तिच्यासारख्या आणखी मला फारशा आढळल्या नाहीत. सत्तरीच्या बाईने गुहेत शिरून कुलपांची कोडी का सोडवू नयेत? गुडघे तर खेळात दुखत नाहीत.