पोटगीची थकबाकी आणि अठरावा वाढदिवस : एका कलमाचा इतिहास

१/ समजा, १० वर्षांच्या मुलासाठी दरमहा २,००० रुपये पोटगी द्यावी, असा आदेश न्यायालयाने वडिलांना दिला. वडिलांनी एकही हप्ता भरला नाही. आज मूल १८ वर्षांचे झाले. ८ वर्षांची थकबाकी : १,९२,००० रुपये. मूल सज्ञान झाले म्हणून हे देणे संपले काय? उत्तर शोधण्यासाठी १८६१ पर्यंत मागे जावे लागते. #थ्रेड

२/ १८६१ साली ब्रिटिश हिंदुस्थानाला पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता मिळाली. ऐपत असूनही बायकोमुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या पुरुषाकडून दरमहा रक्कम देवविण्याचा अधिकार तिने दंडाधिकाऱ्याला दिला. पक्षकाराचा धर्म कोणता, हा प्रश्न येथे गौण होता.

३/ सरकारला हा कळवळा कोठून आला? १८७२ च्या सुधारित संहितेचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदींकडे भटकेगिरी आणि तिचे दुष्परिणाम रोखण्याचा उपाय म्हणून पाहिले. उपाशी माणूस रस्त्यावर येतो आणि रस्त्यावरचा माणूस राज्याची डोकेदुखी होतो, असा हा हिशेब होता. मुलाचा हक्क ही कल्पना अजून दूर होती.

४/ त्यामुळे उपाय झटपट, पण रक्कम तुटपुंजी राहिली. १८९८ च्या संहितेत कलम ४८८ खाली कमाल मर्यादा होती दरमहा ५० रुपये. १९२३ मध्ये ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. पुढे ती तेथेच गोठली आणि २००१ मध्ये हटविण्यात आली. म्हणजे ४६ वर्षे केंद्रीय कायद्यातील आकडा बदललाच नाही!

५/ आता वयाकडे वळू. कलम ४८८ मध्ये ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ मूल’ एवढेच शब्द होते. वयाचा आकडा नव्हता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की येथे ‘मूल’ म्हणजे केवळ अज्ञान मूल नव्हे. कसोटी वयाची नसून असमर्थतेची आहे.

६/ ही उदारता फार काळ टिकली नाही. १९७३ च्या नव्या संहितेने कलम १२५ मध्ये ‘अज्ञान’ हा शब्द घातला आणि त्याचा अर्थ १८७५ च्या सज्ञानता कायद्यावर सोपविला. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्यांचा अपवाद तेवढा ठेवला. अठरावा वाढदिवस ही कायद्याची सीमारेषा बनली ती अशी.

७/ थकबाकीची वसुली दंडाच्या वसुलीप्रमाणे, वॉरंट काढून होते. तरीही रक्कम न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद. मात्र एक परंतुक आहे : हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्याच्यासाठी वॉरंट निघत नाही. माझ्या मते यामागे तोच जुना विचार आहे. आजची भूक भागविणाऱ्या कलमाला कालच्या भुकेचे फारसे सोयरसुतक नसते.

८/ आरंभीच्या उदाहरणातील आईने आजवर अर्जच केला नसेल, तर वॉरंट निघेल ते शेवटच्या १२ महिन्यांपुरते : २४,००० रुपये. मग उरलेले १,६८,००० रुपये बुडाले काय?

९/ येथे सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय महत्त्वाचे ठरतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यायालय म्हणाले : तुरुंगवास हे वसुलीचे साधन आहे, परतफेड नव्हे, शिक्षा भोगूनही देणे शिल्लक राहते. २००५ : एकदा मुदतीत अर्ज केला, की त्यानंतर साचणाऱ्या हप्त्यांसाठी दरवर्षी नवा अर्ज नको. २०१३ : एका वर्षाची अट वॉरंटच्या मार्गापुरती आहे, मूळ हक्क तिने नष्ट होत नाही, दिवाणी मार्ग उरतो.

१०/ म्हणजे अठराव्या वाढदिवशी थांबतात ते पुढचे हप्ते. मागचे हप्ते देणेच राहतात. अवघड होते ती त्यांची वसुली. मुलींबाबत आणखी एक वाट आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार निर्वाह करू न शकणारी अविवाहित सज्ञान मुलगी वडिलांकडे पोटगी मागू शकते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अधोरेखित केला. मात्र त्यासाठी त्या कायद्याखाली स्वतंत्र दावा लागतो.

११/ १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. आकडा बदलला, पण एका वर्षाचे परंतुक कायम राहिले.

१२/ ‘पोटगी’ या शब्दात पोट आहे. १८६१ च्या राज्यकर्त्यांना ते पोट शांत ठेवायचे होते, एवढेच. ती खैरात नसून देणे आहे, हे न्यायालयांच्या तोंडून ऐकायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि ज्या आईने ती ८ वर्षे स्वतःच्या कमाईवर रेटली, तिने वडिलांच्या वाट्याचा खर्चही उचलला होता. थकबाकी हा त्याच खर्चाचा हिशेब आहे; मूल मोठे झाले म्हणून तो मिटत नाही.