मेडन कॅसल

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील लोहयुगीन डोंगरी किल्ला. डॉर्चेस्टर शहराच्या नैर्ऋत्येस सु. २·५ किमी. वरील एका लांबट टेकडीवर तो आहे. नावात ‘कॅसल’ असले, तरी येथे दगडी तट वा बुरूज नाहीत; एकामागे एक रचलेले मातीचे उंच बांध व त्यांमधील खोल खंदक हीच त्याची तटबंदी होय.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘मोठा दुर्ग’ अशा अर्थाच्या केल्टिक शब्दांपासून ते आले, असे एक मत असून टॉमस हार्डीने आपल्या लेखनात ‘माय-डन’ हेच रूप वापरले. ‘मेडन’ म्हणजे कुमारिका, म्हणून कधीही सर न झालेला किल्ला, असाही अर्थ लावण्यात येतो. ब्रिटनमधील इतर काही प्राचीन तटबंद्यांनाही हेच नाव असल्याने एकट्या या किल्ल्याच्या इतिहासावरून त्याचा उलगडा होत नाही.

टेकडीवरील सर्वांत जुने आवार नवाश्मयुगीन (इ. स. पू. सु. ३६००) असून त्यानंतरचा सु. ५४६ मी. लांबीचा मातीचा बांधही येथे आढळला. पहिला किल्ला (सु. ६·४ हे.) इ. स. पू. सु. ६०० मध्ये पूर्व भागात उभारण्यात आला व दीडएक शतकानंतर तो पश्चिमेस वाढवून सु. १९ हे. करण्यात आला. दरवाजांपुढील बांधांची नागमोडी वळणे मराठी मुलखातील गोमुखी दरवाजांची आठवण करून देतात. पूर्व दरवाजाजवळ समुद्रकाठच्या गोट्यांचे वीस हजारांहून अधिक गोफणगुंडे साठविलेले सापडले.

मॉर्टिमर व टेसा व्हीलर यांनी १९३४–३७ मध्ये येथे उत्खनन केले. चौकोनी खड्डे आखून मातीच्या थरांचे छेद काटेकोरपणे नोंदविण्याची त्यांची पद्धत पुढे भारतातही रूढ झाली, ह. धी. सांकलिया यांनी तिचे पहिले धडे येथेच घेतले. पूर्व दरवाजाजवळ ५२ दफने मिळाली व त्यांपैकी सु. १४ सांगाड्यांवर शस्त्राघाताच्या खुणा होत्या. एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेले होते. इ. स. ४३ च्या स्वारीत व्हेस्पेझियनच्या रोमन सैन्याने किल्ला घेतला व वाचलेल्यांनी आपली माणसे घाईने पुरली, असे चित्र व्हीलरने रंगविले. ते इतके प्रभावी होते, की पाठ्यपुस्तकांनीही ते निःशंकपणे स्वीकारले. तथापि मृतांसोबत भांडी व अन्न काळजीपूर्वक ठेवलेले होते, हे घाईच्या कल्पनेशी जुळत नाही. नाइल शार्पल्स यांच्या १९८५–८६ मधील उत्खननानंतर ही शंका बळावली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन कालनिर्णयानुसार ही माणसे एकाच दिवशी मृत्यू पावली नव्हती, इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. पहिल्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या काळात, म्हणजे मुख्यतः रोमनांच्या आगमनापूर्वी, स्थानिक कलहांत ती बळी पडली असावीत.

रोमन अमलात वस्ती डॉर्चेस्टरकडे (डुर्नोव्हारिया) सरकली. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ओस पडलेल्या किल्ल्यात एक लहान मंदिर बांधण्यात आले; त्याचा पाया आजही दिसतो.