नाव आणि धातू : चीनची ओतीव पितळी नाणी

चिनी नाणं हातात घेतलं की आधी डोळ्यांत भरतं ते मधलं चौकोनी भोक. गोल आकाश, चौकोनी पृथ्वी, असा त्याचा अर्थ परंपरेने सांगितला जातो. पण त्याचा व्यवहारी उपयोगही होता. ही नाणी ठोकून पाडलेली नव्हेत, साच्यात ओतलेली. कडा खडबडीत निघत. मग ती चौकोनी सळईत ओवायची, म्हणजे फिरत नाहीत, आणि एकदम कानस मारायची. बाजारात त्याच भोकातून दोरी घालून हजार नाण्यांची माळ करत.

इ.स.पू. 221 मध्ये छिन शी हुआंगने चीन एकत्र केला आणि हा आकार देशभर गेला. त्या नाण्यावर 'अर्धा लियांग' असं वजनच लिहिलेलं असे. इ.स. 621 मध्ये तांग घराण्याचं 'खायुआन थोंगपाओ' आलं आणि वजन लिहिण्याची रीत मागे पडली. इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो, बरं का! वजन लिहिलेलं नाणं म्हणतं, 'मला तोलून बघा.' वजन न लिहिलेलं म्हणतं, 'माझ्यावर विश्वास ठेवा.'

हा विश्वास किती ताणता येतो? सोळाव्या शतकात, मिंग काळात, काशाची जागा पितळेने घेतली. छिंग घराण्यानेही पितळच चालवलं. 1850 नंतर ताइपिंग बंडामुळे युन्नानहून येणारं तांबं अडलं आणि खजिना रिकामा झाला. तेव्हा शियानफेंग सम्राटाच्या सरकारने 1853 पासून 10, 50, 100, 500, अगदी 1000 वेनची नाणी ओतली. हजाराच्या नाण्यात शंभर साध्या नाण्यांइतकाही धातू नव्हता. मग काय होणार? लोकांनी साधी नाणी वितळवून घरीच मोठी ओतायला सुरुवात केली. दुकानदार ती घेईनात. 1854 मध्येच सर्वांत मोठी नाणी थांबवावी लागली.

कन्फ्यूशियस म्हणे, राज्य चालवायचं तर आधी नावं नीट करा. नाव आणि वस्तू जुळली पाहिजेत. त्याच्याच देशात, त्याचे ग्रंथ पाठ असलेल्या अधिकाऱ्यांनी हे केलं, हे विसरू नका.

आता संग्राहकांची गंमत पाहा. बाजाराने नाकारलेलं ते हजाराचं नाणं आज दुर्मिळ म्हणून महाग, आणि त्याची बनावट नाणीही भरपूर. उलट चियानलुंग काळाचं साधं एक वेनचं नाणं स्वस्तात मिळतं. नव्याने संग्रह करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. मागच्या बाजूला मांचू लिपीत टांकसाळीचं नाव असतं. ते वाचायला शिकलात की नाणं कुठे ओतलं ते कळतं. त्याची झिजलेली अक्षरंही बघा. ती झीज म्हणजे अनोळखी माणसांनी ते एकमेकांकडून बिनतक्रार घेतल्याची खूण आहे. महागडं नाणं सरकारचं संकट सांगतं. स्वस्त नाणं समाजाचा विश्वास सांगतं. मला विचाराल तर, इतिहासाच्या दृष्टीने दुसरं अधिक मोलाचं.