मुंगीला पंख फुटतात तेव्हा

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या कीटकांची झुंबड उडते. त्यांना सरसकट 'पंखांच्या मुंग्या' म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांत वाळवीचाच भरणा अधिक असतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून लांब, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

मुंग्यांचे खरे मीलन-उड्डाण पाहण्यासाठी त्यांच्या बिळाचे तोंडच गाठावे लागते. देशभरातील उद्यानांत झाडांच्या बुंध्याशी मोठ्या काळ्या डोंगळ्यांची बिळे सहज सापडतात. पाऊस थांबून हवा दमट झाली व वारा पडला की कामकरी मुंग्या दाराशी अस्वस्थपणे फिरू लागतात. मागोमाग पंख असलेले लहान नर व थोराड माद्या बाहेर येतात. हवामानाची खूण सर्वांना एकच असल्याने एका जातीची अनेक वारुळे एकाच सुमारास रिकामी होतात. परक्या वारुळातील जोडीदार मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढते. शिवाय कोतवाल, वेडे राघू आणि पाली यांनी कितीही फडशा पाडला तरी काही माद्या वाचतात.

अंत जवळ आला, या अर्थाने मराठीत 'मुंगीला पंख फुटले' म्हणतात. नराच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. मीलनानंतर तो फार काळ जगत नाही. मादीचे मात्र आयुष्य इथून सुरू होते. जमिनीवर उतरताच ती स्वतःचे पंख मोडून टाकते आणि मातीत कोठडी खोदून स्वतःला कोंडून घेते. अनेक जातींत पहिली पिल्ले मोठी होईपर्यंत ती काहीच खात नाही. निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू विरघळवून त्यांवरच ती अळ्यांना पोसते. उड्डाणाच्या वेळी साठवलेले शुक्राणू तिला जन्मभर पुरतात. युरोपातील काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

बहुसंख्य माद्या पहिले काही दिवसही काढू शकत नाहीत. त्यातच पंखवाल्या मुंग्या दिसताच बिळावर कीटकनाशक ओतले जाते. वास्तविक हे उड्डाण काही तासांत आपोआप आटोपते.

निरीक्षकाने तारीख, वेळ, आधीचा पाऊस व वारा टिपून ठेवावा. अंधारात विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावावा. लाल प्रकाश मुंग्यांना फारसा जाणवत नाही. मात्र प्रत्येक बिळातून राणी उडेलच असे नाही. भारतातही आढळणाऱ्या डायाकामा मुंग्यांत पंखवाली राणीच नसते. तेथे एक कामकरी मादी बिळाजवळ थांबते आणि नर उडत तिच्याकडे येतो.