कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांना ‘भारतातले पहिले इम्प्रेशनिस्ट’ का म्हणतात?

कंधारच्या जगत्तुंग तलावाचं पाणी सकाळी राखाडी दिसतं, भर दुपारी डोळे दिपवतं आणि दिवस कलला की तांबूस होतं. तळं तेच असतं, बदलतो तो उजेड. आता एखाद्या चित्रकाराने तळ्याऐवजी तो उजेडच काढायचा ठरवला तर? इम्प्रेशनिझम म्हणजे ढोबळमानाने हेच. मराठीत याला ‘दृकप्रत्ययवाद’ असा जड शब्द आहे.

हे नाव खरं तर टिंगलीतून पडलं. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला फाटा देऊन स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यात क्लोद मोने यांचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे बंदरावरच्या सूर्योदयाचं चित्र होतं. लुई लरॉय नावाच्या समीक्षकाने त्या शीर्षकावरून सगळ्यांनाच ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून हिणवलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

त्यानंतर काही वर्षांनी, पॅरिसपासून हजारो किलोमीटर दूर, कोल्हापुरात एक माणूस कोटितीर्थ तलावाच्या काठी बसून जवळपास हेच करत होता. त्यांचं नाव आबालाल रहिमान. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालेलं. तिथे व्हाइसरॉयचं पदक मिळवलेलं. असा विद्यार्थी मुंबईत राहून संस्थानिकांची आणि साहेबांची व्यक्तिचित्रं काढून आरामात जगला असता. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले आणि एकटेच राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला, पण त्यांचं मन रमायचं ते पंचगंगेच्या काठावर, झाडांत आणि पाण्यात.

हे वेगळं का होतं? त्या काळी जे. जे.मध्ये ब्रिटिश अकॅडमिक पद्धत शिकवली जायची. रेखाटन अचूक हवं, छायाप्रकाश घोटीव हवा. प्रतिष्ठा होती ती व्यक्तिचित्राला आणि पौराणिक प्रसंगाला. राजा रविवर्मांची चित्रं आठवा. त्यात डोंगर-नदी असतात, पण शकुंतलेच्या मागे. आबालाल यांनी ती मागची जागाच पुढे आणली. छोटे फटकारे आणि रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे. जवळून ते सुटे दिसतात, चार पावलं मागे गेलं की त्यांचं पान होतं, धुकं होतं, पाण्यावरची चमक होते. रंग कागदावर कमी आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात जास्त मिसळतात.

तरीही ‘पहिले इम्प्रेशनिस्ट’ हे बिरूद जरा जपूनच वापरलेलं बरं. मोने यांच्या गटाशी आबालाल यांचा काही संबंध नव्हता. त्या गटाने अकॅडमिक चित्रकलेविरुद्ध उघड बंड केलं. आबालाल यांनी कुठलाही जाहीरनामा काढला नाही, अकॅडमिक शिस्तीतूनच पुढे जात ते इथवर पोहोचले. त्यामुळे त्यांना पॅरिसची कोल्हापुरी आवृत्ती म्हणणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

मग देशाच्या कलेतिहासात त्यांचं नाव इतकं कमी का दिसतं? कारण तो इतिहास बहुतेकदा एकाच रांगेत सांगितला जातो. रविवर्मा, मग अवनींद्रनाथ टागोर आणि बंगाल स्कूल, मग १९३४ मध्ये युरोपातून परतलेल्या अमृता शेरगिल, मग १९४७ चा मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. स्वदेशीच्या काळात बंगाल स्कूलच्या पाठीराख्यांना जे. जे.ची वास्तववादी शैली म्हणजे साहेबाची नक्कल वाटायची. या भांडणात निसर्गचित्राला कुणी वालीच नव्हता. नदीकाठचं झाड ना धड राष्ट्रवादी, ना धड आधुनिक! त्यात आबालाल राहिले संस्थानात, मुंबई-कलकत्त्याच्या चर्चेपासून लांब.

दुसरं कारण जास्त दुखरं आहे. त्यांची चित्रंच फार थोडी उरली आहेत. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रं पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगितलं जातं. गोष्ट मनाला चटका लावणारी आहे, म्हणूनच ती चित्रांपेक्षा जास्त फिरते. पण कलेतिहास लिहायला चित्रं समोर लागतात. चित्रकाराची शैली कधी, कशी बदलली हे ती ओळीने लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. आबालाल यांच्या बाबतीत त्या ओळीतले कितीतरी दुवे गायब आहेत. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं.

कोल्हापूरने मात्र त्यांना सोडलं नाही. बाबूराव पेंटर यांच्या पिढीपासून इथल्या चित्रकारांनी त्यांना मोठं मानलं. निसर्गचित्रांचं हे वेड पुढे सिनेनट चंद्रकांत मांढरे यांच्यापर्यंत पोहोचलं. पडद्यावरचे शिवाजी महाराज म्हणून लोकांना माहीत असलेले चंद्रकांत निसर्गचित्रंही तितक्याच मनापासून काढायचे.

आबालाल यांची चित्रं कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. मोबाईलच्या स्क्रीनवर ही चित्रं चपटी वाटतात. तिथे गेलात तर आधी अगदी जवळून पाहा आणि मग हळूहळू मागे सरका.