देवगांडूळ: खंडाळा ते डोर्ले, एका खोदकामाचा इतिहास

सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांमधून पुन्हा एकदा. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

मागच्या भागात आपण अरुणाचलच्या सियांग खोऱ्यातल्या मखमली किड्याबद्दल बोललो. १९११-१२ च्या आबोर मोहिमेत स्टॅन्ली केम्प यांना तो सापडला आणि पुढे शंभरेक वर्षं शास्त्रज्ञांच्या हाती लागलाच नाही. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘आपल्या सह्याद्रीत मिळतो का हो?’ नाही मिळत. पण ओल्या मातीत दडून शोधणाऱ्याला घाम फोडणारा एक प्राणी आपल्याकडेही आहे. देवगांडूळ.

नावात गांडूळ आहे, पण ते गांडूळ नाही. सापही नाही. बेडकाच्या नात्यातला उभयचर आहे तो. पाठीचा कणा आहे, पाय नाहीत. अंगावर वळी, डोळे कातडीखाली दडलेले. नाक आणि डोळ्याच्या मधून एक बारीकशी स्पर्शिका बाहेर येते, तिच्या जोरावर मातीतला वास हुंगत फिरायचं.

आता इतिहास. आपल्या पुणे जिल्ह्यातलं खंडाळा, म्हणजे पावसाळ्यात आपण भजी खायला जातो तेच. तिथल्या देवगांडुळावरून कॅन्सस विद्यापीठाच्या एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये एक नवा वंश जाहीर केला, इंडोटिफ्लस. आणि जातीचं नाव? बॅटर्सबाय. जे. सी. बॅटर्सबी हे ब्रिटिश म्युझियममधले सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक. प्राणी खंडाळ्याचा, अभ्यासक अमेरिकेचा, नाव लंडनच्या माणसाचं. मला हे जरा खटकतं, खोटं कशाला बोलू.

मग २००३ उजाडलं. त्या एका वर्षात दोन नव्या जाती जाहीर झाल्या: आंबोलीची, बीएनएचएसच्या जे. सी. डॅनियल यांच्या नावाची, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावची, बी. आर. शेषाचार यांच्या नावाची. २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबरळीहून इंडोटिफ्लसची दुसरी जात आली, तिचं नाव महाराष्ट्रएन्सिस. आंबोली आणि हुंबरळी, दोन्हींच्या निबंधांवर वरद गिरी यांचं नाव आहे.

मधली चाळीसेक वर्षं हे प्राणी कुठे गेले होते? कुठेच नाही. खणायला कुणी फारसं गेलं नव्हतं, असं माझं मत. कारण हे काम पावसाळ्यातलं. उन्हाळ्यात माती वाळली की ते खोल जातात. पाऊस लागला की कुदळ घ्यायची, पालापाचोळा, दगड, कुजके ओंडके उलटायचे, वीतभर माती खणायची आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गांडूळच बघायचं. पायाला जळवा वेगळ्याच. त्यात घाव जरा जोरात बसला तर ज्याला शोधतोय त्याचेच दोन तुकडे.

हे तुकडे मी पाहिलेत. सहावी-सातवीत असेन. आजोळी, रत्नागिरीकडे, गोठ्यामागच्या शेणखताच्या खड्ड्यात करडं, चकचकीत काहीतरी वळवळलं. मी ‘साप, साप!’ ओरडलो आणि मामाने फावडं घातलं. त्याची काय चूक? ओरडलो मी. शेणखताची ओली, भुसभुशीत माती या प्राण्यांना आवडते, हे मला इंजिनिअरिंग झाल्यावर कळलं.

आणि खरा धक्का २००८ चा. डोर्लेच्या जातीची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, असं त्या वर्षी प्रसिद्ध झालं. आशियातलं असं पहिलं ज्ञात देवगांडूळ! लेखकांमध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड गॉवर, वरद गिरी आणि आपल्या पुण्यातल्या एनसीसीएसचे योगेश शौचे. डीएनए वाचून या जातीचे नातेवाईक लावल्यावर दिसलं की पिल्लं जन्माला घालण्याची ही पद्धत तिच्यात स्वतंत्रपणे आली असावी, म्हणजे आफ्रिकेतल्या किंवा अमेरिकेतल्या पिल्लं देणाऱ्या देवगांडुळांकडून वारशाने नाही. इतकी मोठी गोष्ट, आणि ती रत्नागिरीच्या मातीत.

हे वाचलं त्या रात्री मामाला फोन केला. ‘तो साप आठवतो?’ तो म्हणाला, ‘कुठला रे? असले पावसात चार-पाच तरी निघतात. खड्डा बुजवून आता तिथे गाडी लावतो, पण पोफळीच्या बागेत असतील.’ मी म्हटलं, ‘मारू नका, फोटो काढून पाठवा.’ ‘बरं,’ म्हणाला, ‘पण सापच निघाला तर?’

जिभेकडे बघ म्हणालो. साप जीभ लपलप करतो, हे करत नाही. पण लांबूनच बघ.