गाडी लिफ्ट केल्यावर स्टिअरिंग फिरवताना पुढून 'कट्' असा आवाज का येतो?

थार घेतली की अनेकांच्या डोक्यात लगेच दोन गोष्टी सुरू होतात. टायर मोठे करायचे आणि गाडी उंच करायची. दोन इंचांची लिफ्ट बसते, जाड टायर चढतात, गाडीचा रुबाब एकदम वाढतो. मग एक दिवस पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून आवाज येतो. कट्.

एक गॅरेजवाला म्हणतो, "लिफ्ट केल्यावर एवढं चालतंच साहेब." दुसरा म्हणतो, "रॅक गेलाय, अख्खा बदलावा लागेल." दुसऱ्याचं ऐकून बरेचदा पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. पण खरा धोका पहिल्याचं ऐकण्यात आहे. झिजलेला बॉल जॉइंट निखळला तर चाक तिथल्या तिथे आडवं पडतं. टाय रॉड एंड सुटला तर एक चाक स्टिअरिंगचं ऐकायचंच थांबतं. घाटात हे झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

मुळात लिफ्टने बदलतं काय? तर कोन. 2020 नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. म्हणजे चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर तोललेलं असतं. कंपनीतून येताना हे आर्म, टाय रॉड आणि चाकाला ताकद पोहोचवणारा एक्सल साधारण आडवे असतात. स्प्रिंगच्या वर स्पेसर टाकला की बॉडी वर जाते, चाक खाली राहतं आणि हे सगळे भाग खाली झुकतात. त्यातही एक गंमत आहे. स्पेसर एक इंचाचा असला तरी आर्मच्या तरफेमुळे गाडी त्याच्या दीड ते दोन पट उचलली जाते. जे सांधे मधल्या स्थितीत आरामात फिरायचे, ते आता आपल्या मर्यादेच्या टोकाजवळ काम करतात.

आवाज शोधायला सुरुवात करण्याआधी गाडी कोणत्या मोडमध्ये आहे ते बघावं. कोरड्या डांबरी रस्त्यावर 4एच टाकून घट्ट वळण घेतलं तर थार, जिमनी यांसारख्या गाड्या अडखळतात, धक्के देतात, कटकट करतात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं आणि मध्ये सेंटर डिफरन्शियल नसतो, म्हणून हे होतं. यात बिघाड काही नाही. 2एचमध्ये आल्यावर आवाज गेला तर तो बहुधा याचाच होता.

आता मुख्य प्रश्न. आवाज नेमका कधी येतो?

गाडी चालू असताना, स्टिअरिंग वळवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर टकटकटक असा लयीत आवाज येतो आणि वेगाबरोबर ती लय वाढते, तेव्हा संशय बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर घ्यावा. त्याचं रबरी बूट बघावं. फाटलेलं असेल तर आसपास ग्रीस उडालेलं दिसतं. कोकणात, मावळात पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या गाड्यांची बुटं आधी फाटतात आणि मग आत गेलेली माती जॉइंट खाते.

फक्त पूर्ण लॉकला खरखर येत असेल तर आधी टायर तपासावा. मोठा टायर आतल्या प्लास्टिकला किंवा आर्मला घासत असेल तर तिथे चकचकीत पट्टा पडलेला असतो. लॉकला धरून ठेवल्यावर येणारी गुंईईई मात्र पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची असते. ऑइलची पातळी बघावी आणि लॉकला ताणून धरू नये.

गाडी खड्ड्यातून वर उसळताना एकच ठक् आला तर वरचा आर्म खाली जाता जाता स्प्रिंगला किंवा स्टॉपला आपटत असू शकतो. ही थेट लिफ्टची देणगी. त्यावर उपाय वेगळ्या कोनाचा वरचा आर्म किंवा कमी लिफ्ट.

गाडी उभी असतानाच आवाज येत असेल तर काम सोपं. दोन माणसं लागतात. हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवायचं. एकाने स्टिअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने बोटं सांभाळून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. कानाला आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटतो, कारण तो चासीतून पसरतो. हाताला मात्र झिजलेला सांधा लगेच कळतो, त्यात टिचकी बसते.

त्यानंतर जॅक. डबल विशबोनमध्ये, स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली लावावा, नाहीतर स्प्रिंगच्या ताणात बॉल जॉइंटची ढिलाई लपते. सोबत स्टँड हवाच. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. कुणीतरी ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक.

जिमनी आणि रँग्लर यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांना पुढे अखंड एक्सल आहे. तिथे पहिला संशय पॅनहार्ड रॉडवर. हा आडवा रॉड एक्सलला बाजूला सरकू देत नाही. लिफ्ट केल्यावर तो जास्त तिरका होतो, एक्सल थोडा एका बाजूला ओढला जातो आणि बोल्ट सैल असेल तर त्याचं भोक लंबगोल होत जातं. हे दुर्लक्षिलं तर वेगात खड्डा लागताच अख्खं स्टिअरिंग थरथरायला लागतं. 'डेथ वॉबल' म्हणतात ते हेच.

आणि सगळ्यात स्वस्त कारण बरेचदा शेवटी तपासलं जातं. लिफ्ट बसवताना चाकं हवेत लटकलेली असतात आणि आर्मचे बोल्ट तसेच आवळले जातात. गाडी जमिनीवर आली की आतले रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात. मग करकर सुरू होते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. गाडी चाकांवर उभी असताना ते बोल्ट ढिले करून कंपनीने दिलेल्या टॉर्कला पुन्हा आवळायचे, की नवीन पार्ट न घेता आवाज थांबू शकतो. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट तपासून व्हील अलाइनमेंटही करून घ्यावी.

बुश करकरत असेल किंवा टायर घासत असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा पॅनहार्ड रॉडमध्ये खेळ सापडला तर टोइंगच बोलवावं.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर मर्यादा घालतं. त्यामुळे अपघातानंतर विम्याचा दावा करताना लिफ्टचा मुद्दा निघू शकतो. किट बसवण्याआधीच आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घेतलेलं बरं.